वाचकांचे प्रश्न : ‘हा आजार पूर्ण बरा होणारा नाही’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा

प्रश्न : माझे वय ५९ वर्षे आहे. पर्वतीच्या पायथ्याशी, सहकारनगरमधल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझे यजमान राहतो. गेले दीड वर्ष मला कोरडा खोकला होता. आधी ॲलर्जी म्हणून, मग पित्त म्हणून औषधे झाली. मध्ये क्षयाची शंका आली, तो नाही असे ठरले. दिवाळीनंतर जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागू लागले, तेव्हा छातीचे एचआरसीटी स्कॅन झाले आणि ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हे निदान समजले. फुफ्फुसांत काही ठिकाणी जाळी पडली आहे, क्षमता अपेक्षित मापाच्या ६८ टक्के आहे, बसून ऑक्सिजन ९५ असतो आणि सहा मिनिटे चालल्यावर ९० पर्यंत उतरतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि ‘कबुतरांपासून लांब राहा, हा आजार पूर्ण बरा होणारा नाही’ असे सांगितले आहे.

माझ्या सासूबाई रोज सकाळी गच्चीत मूठभर ज्वारी टाकत असत. त्या गेल्यानंतर ११ वर्षे मी तो नेम चालवला. येत होती ती मुख्यतः कबुतरेच, आणि आमच्या डक्टमध्येही त्यांची वस्ती होती. यजमानांनी आता जाळी बसवून घेतली आहे, पण ज्या हाताने पुण्य म्हणून दाणे टाकले त्याच हाताने मी हे ओढवून घेतले का, हा विचार रात्री झोपू देत नाही. इंटरनेटवर ‘३ ते ५ वर्षे’ असे वाचले आणि त्यानंतर दोन दिवस कोणाशी बोलले नाही. यजमान तासातासाला बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि कोणाला काही सांगायचे नाही म्हणतात. मुलगी बंगळुरूला असते, तिला सातवा महिना सुरू आहे. बाळंतपणाला ती इकडेच येणार आहे. मी २० वर्षे भजनी मंडळात गाते. आता ओळ पूर्ण होण्याआधी दम संपतो. गाणे सोडून द्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांनी ‘पूर्ण बरा होणारा नाही’ असे सांगितले, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्ही ते ‘आता काही करता येणार नाही’ असे ऐकले. निदानाच्या दिवशी बहुतेक रुग्णांच्या कानांत ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळतात, आणि पुढचे कित्येक आठवडे दुसरेच वाक्य मनात घोळत राहते. पहिले वाक्य खरे आहे. फुफ्फुसात पडलेले व्रण, म्हणजेच ती जाळी, पुसून टाकणारे औषध आज उपलब्ध नाही. दुसरे वाक्य मात्र तुमच्या बाबतीत साफ चुकीचे आहे, कारण तुमच्या आजाराचे संभाव्य कारण सापडले आहे, आणि फुफ्फुसांच्या जाळीच्या आजारांत कारण सापडणे ही मोठी गोष्ट असते.

आधी ‘३ ते ५ वर्षे’ या आकड्याविषयी लिहिते, कारण तो आकडा डोक्यात असेपर्यंत बाकीचे काही वाचले जाणार नाही. हा आकडा प्रामुख्याने ‘इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस’ या आजाराचा आहे. त्यात फुफ्फुसे कोणत्याही ज्ञात कारणाशिवाय आकसत जातात. शिवाय तो नवी औषधे येण्यापूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेला, मधल्या रुग्णाचा आकडा आहे. म्हणजे त्या आजारातही निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. इंटरनेटवर ‘लंग फायब्रोसिस’ असे शोधले की सगळे आजार एकाच पोत्यात भरून समोर येतात. भारतात चित्र वेगळे आहे. १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुफ्फुसांच्या जाळीच्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद केली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात सर्वाधिक, म्हणजे ४७ टक्के रुग्ण तुमच्याच आजाराचे होते आणि इडिओपॅथिक प्रकारचे १४ टक्क्यांच्या आसपास होते. तुमचा आजार सौम्य आहे असे मी म्हणणार नाही. जाळी पडली आहे म्हणजे त्याकडे गांभीर्यानेच पाहिले पाहिजे. परंतु तो कोणत्या गतीने पुढे जाईल हे इंटरनेट सांगू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या फुफ्फुसांच्या तपासण्या दर ३ ते ६ महिन्यांनी केल्या आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तरच ते कळते. आज तुमच्याजवळ त्यातली एकच नोंद आहे. एका बिंदूवरून रेघ काढता येत नाही.

आता त्या मूठभर ज्वारीविषयी. कबुतरांच्या विष्ठेत, पिसांत आणि पिसांवरच्या बारीक पांढऱ्या भुकटीत काही प्रथिने असतात. ती वाळून हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. बहुसंख्य लोकांचे शरीर त्यांकडे दुर्लक्ष करते. काही थोड्या लोकांची प्रतिकारशक्ती मात्र त्यांना शत्रू समजून फुफ्फुसातच लढत राहते. ही लढाई महिनोन्महिने चालली की सूज येते आणि सुजेच्या जागी हळूहळू व्रण होतात. तुमच्या यजमानांनी त्याच घरात, त्याच डक्टशेजारी, तीच हवा घेतली आणि त्यांना काही झाले नाही. तुमच्या सासूबाईंनी तर तुमच्याआधी कित्येक वर्षे दाणे टाकले. तेव्हा हा दोष तुमच्या हाताचा नाही आणि हे कोणत्या पापाचे फळही नाही. तुमच्या प्रतिकारशक्तीची ती घडण आहे, आणि ती आधी ओळखता येईल अशी कोणतीही तपासणी तुम्हाला त्या काळी कोणी सुचवली नसती. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद झाला, तेव्हा कुठे या आजाराचे नाव घराघरांत पोहोचले. जे ११ वर्षांपूर्वी आसपास कोणालाच माहीत नव्हते ते माहीत नसल्याबद्दल तुम्ही स्वतःला शिक्षा करू नका.

मला असे वाटते की तुमच्या दुःखात आजाराइतकाच तो नेम मोडल्याचाही भाग आहे. कबुतरांना अडवणारी जाळी बसली त्या दिवशी सासूबाईंची सकाळची आठवणही बंद झाली, आणि त्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या एका रुग्ण भगिनींनी असाच नेम सोडताना रोजची मूठ एका डब्यात साठवायला सुरुवात केली आणि महिनाअखेरीस ते धान्य एका गरजू कुटुंबाला देऊ लागल्या. तुम्हाला हे पटेल किंवा दुसरे काही सुचेल. फक्त चिमण्यांसाठी दाणे ठेवण्याचा मार्ग काढू नका; इतर पक्ष्यांच्या प्रथिनांनाही तुमचे शरीर तसाच प्रतिसाद देऊ शकते.

जाळी बसवली हे उत्तम झाले, पण तेवढ्याने काम संपले नाही. पक्षी गेल्यानंतरही त्यांची प्रथिने घरातल्या धुळीत महिनोन्महिने टिकतात. डक्टमधली वाळलेली विष्ठा, खिडक्यांच्या खाचा, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीमागचा कोपरा, माळ्यावरचे सामान, जाड पडदे, गालिचा हे सगळे एकदा नीट साफ करून घ्यावे लागेल. ही सफाई तुम्ही करायची नाही आणि त्या वेळी घरातही थांबायचे नाही. दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे जा. सफाई करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा आणि विष्ठा कोरडी न खरवडता आधी पाण्याने भिजवावी, म्हणजे ती उडत नाही. घरात पिसांची उशी, रजई किंवा पिसे भरलेले जॅकेट असेल तर ते बाहेर काढा. मुलांनी प्रेमाने आणून दिलेल्या अशा वस्तूंकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि एप्रिल-मेमध्ये कूलर लावत असाल तर तो या वर्षी लावू नका. वर सांगितलेल्या नोंदीत या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरी कूलर होता. त्याच्या ओल्या जाळ्यांत वाढणारी बुरशी हेसुद्धा याच आजाराचे कारण असू शकते. तुमच्या बाबतीत कबुतरे आहेत म्हणून दुसरे कारण नाही असे गृहीत धरू नये.

स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे सूज ओसरते. व्रण ओसरत नाहीत. त्या सकाळी नाश्त्यानंतर घ्याव्यात, रक्तातली साखर तपासत राहावी, हाडांसाठी काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे, आणि त्या कधीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. रात्री झोप लागत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यात काळजीचा भाग मोठा असणारच, पण याच गोळ्या झोप उडवतात, मन चिडचिडे आणि अस्वस्थ करतात, हेही तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पहाटे तीनला जे विचार येतात त्यांतला काही वाटा औषधाचा आहे एवढे कळले तरी पुष्कळांना बरे वाटते. पुढच्या तपासण्यांत क्षमता घसरत आहे असे दिसले, तर जाळी वाढण्याचा वेग कमी करणारी औषधे आता आहेत. अशा वाढत्या आजारांच्या रुग्णांवर निन्टेडानिब या औषधाची जी मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात औषधाशिवाय वर्षाला सरासरी १८८ मिलिलिटर क्षमता कमी होत होती, औषध घेणाऱ्यांत ८१ मिलिलिटर. त्याने जुलाब होतात, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि तुम्हाला ते लागेलच असे नाही. पण पुढच्या पायरीवर दार आहे हे तुम्हाला ठाऊक असावे. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

ऑक्सिमीटर तासातासाला लावण्याची गरज नाही, हे यजमानांना माझ्या वतीने सांगा. बोटे गार असली, नखांना रंग किंवा मेंदी असली, तरी आकडा चुकतो, आणि मग घरात उगाच धावपळ होते. दिवसातून एकदा बसून आणि एकदा जिना चढून आल्यावर मोजा, वहीत लिहा, वही तपासणीला न्या. बसून असताना आकडा ९० च्या खाली जाऊ लागला, ताप आला, किंवा एक-दोन दिवसांत धाप अचानक वाढली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

तुमच्या रोजच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न तो जिना आहे, असे मला पत्र वाचताना वाटले. दम लागतो म्हणून खाली उतरणे टाळायचे, उतरणे टाळले की पायांचे स्नायू अशक्त होतात, आणि अशक्त स्नायूंना त्याच कामासाठी अधिक हवा लागते. या चक्रात अनेक रुग्ण आजारापेक्षा लवकर घरबंद होतात. ते तोडण्याचा उपाय म्हणजे फुफ्फुस पुनर्वसन, ज्याला रुग्णालयांत ‘पल्मोनरी रिहॅब’ म्हणतात. साधारण ८ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणे, पायांचे आणि हातांचे व्यायाम आणि श्वासाचे तंत्र शिकवले जाते. फुफ्फुसांचा आकडा त्याने बदलत नाही. चालण्याचे अंतर वाढते आणि धाप कमी होते. तुमच्या डॉक्टरांनी हे सुचवले नसेल तर तुम्ही आपणहून विचारा; माझ्या मते औषधांच्या चिठ्ठीवर हे पहिल्या ओळीत असायला हवे. तोवर जिन्यावर एवढे करा. पायरी चढताना ओठ चंबूसारखे करून श्वास सोडा, थांबून श्वास घ्या, आणि दम लागल्यावर थांबण्याऐवजी लागण्याआधीच थांबा. सोसायटीला विनंती करून दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर एक खुर्ची ठेवून घ्या. ती मागताना संकोच वाटेल, पण त्याच खुर्चीच्या भरवशावर तुम्ही रोज खाली उतराल. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढत होता त्या दिवसांशी आजची तुलना करू नका. तुलना मागच्या महिन्याशी करा. सारसबागेकडचा सपाट भाग चालायला बरा आहे, मात्र दाणे टाकणारे लोक आणि कबुतरांचा थवा दिसला की वाट बदला. थंडीत पहाटे बाहेर पडू नका. रखवालदारांच्या शेकोट्या आणि जाळलेला पालापाचोळा यांचा धूर त्या वेळी जमिनीलगत साचलेला असतो. ऊन वर आल्यावर निघा.

मुलीला सांगावे का, याचे माझे उत्तर ‘होय, आणि याच आठवड्यात’ असे आहे. यजमानांचे मौन प्रेमापोटी आहे हे मला कळते. पण ती बाळंतपणाला येणार आहे, आणि आल्यावर तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर थांबलेले पाहील, गोळ्यांचे पाकीट पाहील. ओल्या बाळंतिणीला ते तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता, तुमच्या तोंडून कळणे केव्हाही चांगले. शिवाय आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेगडीवर ओवा आणि धूप टाकून धुरी देतात. तो धूर तुम्हाला सोसणार नाही आणि बाळाच्या नाजूक फुफ्फुसांसाठीही तो चांगला नाही, त्यामुळे तुमच्या घरी या वेळी शेगडी पेटवायची नाही हे आधी ठरले पाहिजे. बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालणे, रात्रीची जागरणे हे सगळे तुम्ही एकट्या करू शकणार नाही. मदतीला बाई ठेवावी लागेल, सासरच्यांशी बोलावे लागेल. हे ठरवायला दोन महिने आहेत. सांगताना आजाराचे नाव, काय सुरू आहे आणि पुढची तपासणी केव्हा आहे एवढे साध्या शब्दांत सांगा. ती रडली तर रडू द्या. तुम्हालाही रडू आले तर आवरू नका. बाळ मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही, कारण हा आजार संसर्गजन्य नाही, आणि खोकल्याकडे संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्यांनाही हे सरळ सांगावे.

आणि गाणे सोडू नका. उभे राहून आणि टाळ वाजवत गाणे तूर्त थांबवा. बसून, खालच्या पट्टीत, ओळ मध्ये तोडून गा. गाताना श्वास मोजून घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो, जे फिजिओथेरपिस्ट तुम्हाला शिकवणार आहेत त्याच्याच जवळचे हे आहे. मंडळातल्या मैत्रिणींना एवढेच सांगा की तुम्ही असाल त्या खोलीत उदबत्ती आणि धूप नको, समई चालेल. लांबलेला आलाप दुसरी कोणी उचलेल. भजनात ध्रुपद सगळ्यांचेच असते.

प्रश्न : माझी आई ६६ वर्षांची आहे. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने ४० वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. मागच्या महिन्यात तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) असल्याचे निदान झाले, म्हणून तिला हडपसरला आमच्याकडे आणले आहे. ‘मी कधी बिडीला हात लावला नाही, मला हा पुरुषांचा आजार कसा होईल’ असे ती म्हणते आणि निदान खोटे ठरवते. पंपाची (इनहेलरची) सवय लागते म्हणून दम लागला तरच तो ओढते. गावी परत जाण्याचा तिचा हट्ट आहे. काय करावे?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुण्यातूनच जगापुढे गेलेले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुराच्या संपर्कात असलेले सुमारे ३०० कोटी आहेत, हे त्यात दाखवून दिले होते. आईंना हे आकडे सांगण्यापेक्षा असे सांगा : ‘बिडी ओढणारा धूर विकत घेऊन ओढतो, तुला तो आमच्या भाकरीसाठी ओढावा लागला.’ अनेक बायकांना हा आजार म्हणजे चारित्र्यावरचा डाग वाटतो. तो डाग आधी पुसला पाहिजे, मग औषधाचे बोलता येते.

पंपाची सवय लागत नाही. त्यातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकांत जाते, म्हणूनच ते गोळीपेक्षा सुरक्षित आहे. रोज घ्यायचा पंप आणि दम लागल्यावर घ्यायचा पंप हे दोन वेगळे असतात, आणि घरोघरी त्यांची अदलाबदल होते. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला लावा, नाही तर तोंड येते.

गावी जाण्याला माझा विरोध नाही. बंद सदनिकेत दिवसभर बसून आईंची प्रकृती सुधारणार नाही; अंगण, शेजारणी, रोजचे चालणे हे सगळे त्यांच्या उपयोगाचे आहे. अट धुराची आहे. स्वयंपाकाला गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याची चूल किंवा बंब बहुतेक घरांत अजून पेटतो, आणि घरातल्या वयस्क बाईच पहाटे त्यापुढे बसतात. त्या जागी सौर किंवा विजेचा हीटर बसवा, डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण साधारण १०० सिगारेटींइतके भरतात असे मोजमाप झालेले आहे. जाण्यापूर्वी एकदा पंप घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि तो त्यांच्यासमोर ओढायला सांगा. औषध घशातच राहत असेल तर ते तिथे लगेच लक्षात येईल, आणि मग पंपाला जोडायची स्पेसर नावाची नळी लावून देता येईल.